शाळा सोडल्याचे कारण

२०२३च्या दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातील शाळांची जुनी कपाटे उघडली गेली. मराठा समाजातील कुटुंबांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. महसुली दप्तरे आणि जन्ममृत्यूच्या वह्या यांच्या जोडीने शाळांची जनरल रजिस्टरेही तपासायची होती. कोलाडच्या परिसरातील एका जिल्हा परिषद शाळेत मीही त्या कामाला हातभार लावायला गेलो. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. जुन्या वळणाचे अक्षर आणि थोडी मोडी लागते, एवढीच माझी पात्रता.

रजिस्टराची पाने वाळवीने कडेने कुरतडलेली होती. शाई तांबूस पडली होती. सगळ्यांचे लक्ष एकाच रकान्याकडे होते, तो म्हणजे जात. माझे बोट मात्र सरकत सरकत शेवटच्या रकान्यापाशी जाऊन थांबू लागले. त्या रकान्याचे शीर्षक आहे ‘शाळा सोडल्याचे कारण’. तिथे कुठे लिहिले होते ‘घरकाम’, कुठे ‘सतत गैरहजर’, कुठे ‘परगावी गेला’. माझ्या आजोबांच्या नावापुढे ‘गुरे राखणे’ असे होते. माझ्या नावापुढे ‘इयत्ता चौथी उत्तीर्ण, पुढील शिक्षणासाठी’. दोन नोंदींमध्ये दोन पिढ्यांचे अंतर होते आणि आमच्या घराने जे काही मिळवले ते सगळे त्या अंतरात होते.

ज्या शाळेत हे रजिस्टर आहे तिचा पट आता वीसच्या खाली आहे. शाळा राहणार की जवळच्या मोठ्या शाळेत मिसळणार, याची चर्चा वाडीत सुरूच असते. म्हणून मला वाटले की या शेवटच्या रकान्याचा इतिहास लिहावा. मूल शाळा का सोडते, या प्रश्नाला रजिस्टरात एका शब्दाचे उत्तर असते. त्या शब्दामागे मात्र जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची धोरणे उभी आहेत.

उघडे दार आणि अनुदानाची किल्ली

कोलाड म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरचा नाका, कुंडलिकेचे खोरे आणि त्याभोवती पसरलेल्या वाड्या. १८६९ साली वेगळा झालेला कुलाबा जिल्हा १९८१पासून रायगड या नावाने ओळखला जातो. भाताची शेती, खोतांचा अंमल, कुणबी आणि आगरी कुळे, महारवाडे, डोंगराच्या कडेला कातकरी, ठाकूर आणि धनगर असा हा जुना समाज. इथे शाळा आली ती सरकारच्या धोरणातून, आणि त्या धोरणात पहिल्यापासून एक पेच होता.

१८५४च्या वुडच्या खलित्याने कंपनी सरकारला सांगितले की सामान्य रयतेच्या शिक्षणाकडे लक्ष द्या आणि खासगी शाळांना अनुदान द्या. दोनच वर्षांत, जून १८५६मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी बाकीची सगळी मुले शाळा सोडून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असे सरकारचे म्हणणे होते. त्यावर वरून कानउघाडणी झाली. १८५८मध्ये मुंबई सरकारला जाहीर करावे लागले की केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील, आणि ज्या शाळा अंशतः सरकारी मदतीवर चालतात त्यांनी जातीवरून कोणाला नाकारले तर त्यांची मदत रोखण्याचा अधिकार सरकार राखून ठेवते.

ही दोन वाक्ये पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज आहेत. पहिल्या वाक्याने दार उघडे असल्याचे सांगितले, दुसऱ्याने त्या दाराची किल्ली अनुदानात ठेवली. पुढे जिथे ती किल्ली कोणी फिरवली तिथे मूल आत गेले. जिथे ती कोणीच फिरवली नाही तिथे दार कागदावरच उघडे राहिले.

पैशाचा दुसरा प्रश्न महात्मा फुल्यांनी उभा केला. जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकलफंड घेतला जाई आणि त्यातला एक हिस्सा शिक्षणासाठी असे. म्हणजे कुंडलिकेच्या खोऱ्यात भात पिकवणारे कूळही शाळेसाठी कर भरत होते. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुले यांनी दाखवून दिले की हा पैसा रयतेकडून येतो आणि वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. महार-मांगांची मुले जातीय पूर्वग्रहामुळे शाळांतून जवळजवळ वगळली जातात, हेही त्यांनी तिथे नोंदवले. आमच्या आजोबांनी गुरे राखण्यासाठी शाळा सोडली तेव्हा या मागणीला कित्येक दशके उलटून गेली होती.

पलटणीची शाळा

कुलाबा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत एक वेगळी वाटही होती. ती पलटणीतून जात होती. इंग्रजांच्या लष्करात महार सैनिक मोठ्या संख्येने होते आणि लष्करात शिपायांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेत शिक्षक होते. पेन्शन घेऊन ही माणसे दापोली, महाड, दासगाव या भागात परतली तेव्हा त्यांच्याबरोबर वाचता-लिहिता येणे आले. गावच्या शाळेने जे दिले नव्हते ते पलटणीने दिले होते.

महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर याच वाटेने आले. १८८६च्या सुमारास निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी हाती घेतली. ‘विटाळ विध्वंसन’ ही त्यांची पुस्तिका १८८८ची. १८९५मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर बसायला सवर्ण सभासद तयार नव्हते. याच सुमारास लष्करातील महारांची भरती बंद झाली होती आणि ती पुन्हा सुरू करावी म्हणून वलंगकरांनी अर्ज केले. तो प्रश्न केवळ नोकरीचा नव्हता. भरती बंद झाली म्हणजे या जिल्ह्यांतल्या दलित मुलांसाठी शिक्षणाची जी एक वाट होती तीही बुजली. धोरण शिक्षणखात्याचे नव्हते, परिणाम मात्र शाळेच्या पटावर झाला. असे पुढेही अनेकदा घडले.

एकाच तालुक्यातील दोन मुले

आता दोन मुलांची गोष्ट सांगतो. दोघेही महाड तालुक्यातले.

पहिला मुलगा चिंतामण द्वारकानाथ देशमुख. १८९६मध्ये नाते या गावी जन्म, वडील वकील, बालपण आमच्या रोह्यात. १९१२मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. रोह्याला त्यांचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे.

दुसरा मुलगा रामचंद्र बाबाजी मोरे, पुढे कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून प्रसिद्ध झालेले. लाडवलीला १९०३मध्ये जन्म. १९१४च्या सुमारास अलिबागला झालेल्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. महाडच्या इंग्रजी शाळेत मात्र त्यांना प्रवेश नाकारला गेला, कारण ते महार होते. अकरा-बारा वर्षांच्या या मुलाने अन्यायाची तक्रार पत्र लिहून वृत्तपत्रात मांडली. सरकारी मदत जाईल या भीतीने शाळेने त्यांना घेतले, पण वर्गात नाही. ते बाहेर बसून शिकले.

दोन वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी मी वर्गात मुलांना एकत्र सांगत असे. बुद्धी दोघांकडेही होती. एकाच्या पाठीशी घर होते, जात होती आणि वकिलीचे उत्पन्न होते. दुसऱ्याच्या पाठीशी फक्त १८५८चे ते वाक्य होते, आणि तेही त्याने स्वतः उठून वापरले म्हणून कामाला आले. अनुदानाच्या किल्लीने दार उघडले, पण बसण्याची जागा ठरवायला ती पुरली नाही. शाळेत असणे आणि वर्गात असणे यांतला फरक मोरे यांच्याइतका कोणी अनुभवला नसेल. १९२७च्या महाड सत्याग्रहाच्या संयोजकांत ते पुढे होते, यात मला आश्चर्य वाटत नाही.

कायदे आणि तळे

त्याच काळात सक्तीच्या शिक्षणाची लढाई वरच्या पातळीवर सुरू होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मार्च १९१२मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मात्र बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्येच संस्थानभर सक्तीचे शिक्षण सुरू केले होते आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७मध्ये तोच मार्ग धरला. ब्रिटिश मुलखातल्या कुलाब्याला हे भाग्य नव्हते. विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने झालेला १९१८चा कायदा नगरपालिकांपुरता होता. १९२३च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळा लोकल बोर्डांच्या हाती दिल्या आणि सक्ती आणायची की नाही हेही बऱ्याच अंशी त्यांच्यावर सोपवले. बोर्डावर बसत जमीनदार, खोत आणि वकील. ज्या कुळाचा मुलगा गुरांमागे हवा होता, त्याला शाळेत बसवण्याची सक्ती करायला त्यांना घाई असण्याचे कारण नव्हते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव चवदार तळ्यामुळे सर्वांना माहीत आहे. त्याच ठरावात सरकारी शाळाही होत्या, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो ठराव तसाच पडून राहिला.

१२ मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. प्राथमिक शाळेत घातलेल्या प्रत्येक शंभर मुलांपैकी फक्त अठरा मुले चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, असा हिशेब त्यांनी मांडला. सरकार दारूच्या अबकारीतून माणशी जेवढे मिळवते तेवढे तरी शिक्षणावर खर्च करावे, असा त्यांचा आग्रह होता. बरोबर आठ दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. ही दोन कामे मला एकच वाटतात. शंभरातल्या ब्याऐंशी मुलांच्या नावापुढे ‘शाळा सोडल्याचे कारण’ लिहिले गेले असणार आणि त्यात ‘तहान’ किंवा ‘भूक’ किंवा ‘बाहेर बसवतात’ असे कोणी लिहिले नसणार. रजिस्टराला ‘सतत गैरहजर’ एवढेच कळते.

कुळांच्या मुलांचीही कथा फार निराळी नव्हती. अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून सहा वर्षे जमीन पडीक ठेवून संप केला. १९३७मध्ये आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. खोती प्रत्यक्षात रद्द झाली ती १९४९च्या कायद्याने, आणि पाठोपाठ कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याच्या नावे होऊ लागली. माझे वडील शाळेत टिकले नाहीत, पण मी टिकलो. यात शिक्षणखात्याइतकेच श्रेय सात-बारावरच्या बदललेल्या नावाला आहे. खोताकडे वेठीला जायचे नसेल, तरच बाप मुलाला शाळेत पाठवू शकतो.

एका बाकावर

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम ४५ने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. दहाची पन्नास वर्षे झाली, तरी त्या काळात जे घडले ते मोठे होते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांना फीमाफी मिळू लागली. आमच्या पिढीत ‘इ.बी.सी.’ ही तीन अक्षरे ज्याला माहीत नाहीत असा खेड्यातला विद्यार्थी विरळाच. देवळात, समाजमंदिरात, कुणाच्या पडवीत भरणाऱ्या शाळांना कौलारू खोल्या मिळाल्या.

याच दशकात कोठारी आयोगाने (१९६४–६६) शेजारशाळेची कल्पना मांडली. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले जे. पी. नाईक. कल्पना साधी होती. एका वस्तीतली सगळी मुले, गरीब-श्रीमंत, उच्च-नीच, एकाच शाळेत जातील. आयोगाचे म्हणणे असे की श्रीमंतांची मुले सार्वजनिक शाळेत आली, तरच त्या शाळेचा दर्जा राखण्यात वजनदार लोकांना रस राहील. हा उपदेश नव्हता, व्यवहार होता.

मी शिकलो आणि शिकवायला लागलो ती शाळा थोडीफार अशीच होती. सरपंचाचा मुलगा, वाण्याची मुलगी, बौद्धवाडीतला मुलगा आणि कातकरवाडीतली दोन-तीन मुले एका सतरंजीवर बसत. भेदभाव नव्हता असे मी म्हणणार नाही. पाण्याच्या माठाजवळ कोण जातो हे सगळ्यांना कळत असे. पण छप्पर गळले की सरपंच पंचायत समितीत जाऊन भांडत असे, कारण त्याचेच पोर भिजत होते. शिक्षक चार दिवस आला नाही तर वाणी जाब विचारी. त्या भांडणाचा लाभ कातकरी मुलालाही मिळे. शेजारशाळेचा अर्थ मला कोठारींच्या अहवालाआधी त्या गळक्या छपराने शिकवला.

आम्ही पट कमी केला

पुढचा भाग लिहिणे मला जड जाते, कारण त्यात मी आहे.

१९८०नंतर राज्याने विनाअनुदान शिक्षणाचे दार उघडले, आधी महाविद्यालयांना आणि मग शाळांना. ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. २००९मध्ये त्यातला ‘कायम’ शब्द शासनाने काढला, पण तोवर एक मोठा बदल होऊन गेला होता. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून पगार येऊ लागला होता, १९९३मध्ये रोहा ते वीर रेल्वे सुरू झाली होती, कोलाडचा नाका वाढला होता. पिवळ्या बस वाड्यावस्त्यांच्या तोंडाशी येऊन उभ्या राहू लागल्या. आधी वाण्याची नातवंडे गेली, मग सरपंचाची, मग शिक्षकांची.

माझा मुलगाही त्या बसमध्ये बसला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होतो आणि माझे मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जात होते. एका कातकरी बाईने मला सरळ विचारले, “गुरुजी, तुमचा पोरगा कोणच्या शाळंत?” मी काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर मला आठवत नाही, प्रश्न आठवतो.

सरकारने शाळा ओस पाडल्या, असे आपण म्हणतो. ते अर्धे खरे आहे. धोरणाने दुसरे दार उघडले आणि ज्यांना परवडत होते ते आम्ही त्या दाराने बाहेर पडलो. मागे राहिली ती मुले ज्यांच्या आईबापांचे पंचायत समितीत कोणी ऐकत नाही. १९१४मध्ये मोरे यांना वर्गाबाहेर बसवले होते. आता वर्गच उठून दुसरीकडे गेला. कोणी कोणाला नाकारले नाही, कायदा मोडला नाही, आणि तरी मुले पुन्हा वेगवेगळी बसली. १८५६मध्ये धारवाडला सरकारला जी भीती वाटली होती, की बाकीची मुले शाळा सोडतील, ती दीडशे वर्षांनी निराळ्या कारणाने आणि कुठलाही गाजावाजा न होता खरी झाली.

वीस हा आकडा

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला. महाराष्ट्राच्या २०११च्या नियमांनी ठरवले की पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी आणि त्या परिसरात सहा ते अकरा वयाची किमान वीस मुले असावीत. सहावी ते आठवीसाठी अंतर तीन किलोमीटर. त्याच वर्षी ३ ते ५ ऑक्टोबरला राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटाला मतदारासारखी शाई लावली. खोटे पट दाखवून अनुदान लाटणाऱ्या संस्था उघड्या पडल्या, ते बरेच झाले. पण त्या मोजणीपासून शाळेकडे आकडा म्हणून पाहण्याची सवयही पक्की झाली.

२०१७च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिसळण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३मध्ये समूहशाळांचे प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले होती. मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या निर्णयाने लहान शाळांतल्या सहावी ते आठवीच्या वर्गांना नियमित शिक्षकाचे पद मिळणे आणखी अवघड केले.

समूहशाळेच्या बाजूचे म्हणणे मी हलके मानत नाही. सहा मुलांच्या शाळेत खेळायला संघ होत नाही, चार इयत्तांना एकच शिक्षक, प्रयोगशाळेचे नावच नको. मी अशा शाळेत काम केले आहे आणि तिथले एकटेपण मला माहीत आहे. मोठी शाळा, चांगले ग्रंथालय आणि मुलांना आणणारी-नेणारी गाडी हे स्वप्न वाईट नाही. पण कोलाडच्या आसपास एक किलोमीटर म्हणजे नेमके काय, हे नकाशावर दिसत नाही. मध्ये चौपदरी होत असलेला महामार्ग असतो. पावसाळ्यात पऱ्ह्या भरून वाहतो. कुंडलिकेचे पाणी केवळ पावसाने चढत नाही. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सोडले की उन्हाळ्यातही नदी चढते. पर्यटकांच्या राफ्टिंगच्या होड्या त्याच पाण्यावर चालतात. सहा वर्षांच्या मुलीसाठी तेच पाणी शाळेच्या वाटेवरचा अडसर असते. कोलाड स्थानकावरून मालाने भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून गोव्याकडे नेण्याची सोय पंचवीस वर्षांहून अधिक काळ आहे. वाडीतल्या आठ मुलांना नदीपलीकडे रोज नेण्याची सोय ही त्याहून कठीण गोष्ट नसावी. पण ती आधी व्हायला हवी आणि शाळा नंतर मिसळायला हवी. आपल्याकडे क्रम उलटा होतो.

श्रीमंत दाराकडूनही एक प्रयत्न झाला. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. या दोन धोरणांना शेजारी ठेवून पाहावे. सरकारी शाळा जवळ आहे म्हणून खासगी शाळेत जागा नाही, आणि पट कमी आहे म्हणून सरकारी शाळा जवळ ठेवायची नाही. त्या मुलाने बसायचे कुठे? न्यायालयाने यातली एक फट बुजवली. दुसरी उघडीच आहे.

दिवाळीनंतर

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीची सुट्टी असेल. सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू होईल, त्याच सुमारास कातकरवाड्या रिकाम्या होतात. भातकापणी झाली की काम संपते. कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवरच्या मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला घरेच्या घरे निघतात, मुलांसकट. पावसाच्या तोंडावर परततात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे आणि रायगड हा त्यांचा मुख्य जिल्हा. शाळेचा पट अधिकृतपणे मोजला जातो ३० सप्टेंबरला, म्हणजे ते गावात असताना. मुले आकड्यात असतात आणि वर्षाच्या मोठ्या भागात वर्गात नसतात. आकडा कमी भरला तर शाळा जाते, आकडा भरला तर मुलाच्या जाण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

यावर उपाय माहीत नाही असे नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना शासनाकडेच आहे. आजी-आजोबांजवळ ठेवलेल्या मुलाला दोन वेळचे जेवण मिळाले तर ते राहते, हे मी पाहिले आहे. पण ती योजना दिवाळीआधी मंजूर व्हावी लागते. डिसेंबरात मंजुरी आली तर मूल केव्हाच भट्टीवर पोहोचलेले असते. रोजगार हमीचे काम वाडीजवळ नोव्हेंबरातच निघाले तर कदाचित उचलच घ्यावी लागणार नाही. कुळ कायद्याने जसे माझ्या घराला शाळेपर्यंत आणले, तसे इथेही शाळेचे उत्तर शाळेबाहेर आहे.

१८५८चे वाक्य, फुल्यांचे निवेदन, बोले यांचा ठराव, कलम ४५, शिक्षण हक्क कायदा, या प्रत्येकाने दार उघडले. दार उघडे ठेवले ते मात्र ज्यांनी त्यासाठी काही पणाला लावले त्यांनी. एका मुलाने पत्र लिहिले, शेतकऱ्यांनी सहा वर्षे जमीन पडीक ठेवली, एका सरपंचाने गळक्या छपरासाठी भांडण काढले. आज त्या वाडीतल्या शाळेसाठी भांडायला कोण आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो, कारण ज्यांचा आवाज पोहोचतो त्यांची मुले तिथे नाहीत. माझेही नव्हते.

नोंदी शोधायचे काम संपल्यावर रजिस्टर पुन्हा कापडात बांधून कपाटात ठेवले. त्यातून काहींना जातीचा पुरावा मिळाला, ते त्यांच्या उपयोगी पडेल. मी निवृत्त आहे आणि हाती वेळ आहे, म्हणून यंदा गणपतीनंतर मी त्या शाळेत जाऊ लागलो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बसतो. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव ऑक्टोबरच्या आधी गटशिक्षणाधिकारी कार्यालयात पोहोचवला आणि पोच घेतली. माझ्याकडून एवढेच झाले. पट वीसच्या वर जाईल असे मी म्हणत नाही. पण या वर्षी जी मुले भट्टीवर जातील, त्यांच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ लिहू नये, आईबाप कुठे आणि कशासाठी गेले ते लिहावे, अशी विनंती मी तिथल्या शिक्षिकेला केली. तिने मान डोलावली आणि म्हणाली, “गुरुजी, रकाना फार अरुंद आहे.”

मी म्हटले, “बारीक अक्षरात लिहा.”